वर्कशीटवर दहापैकी नऊ, निबंधात मात्र तुकडेच तुकडे

वाचकाचं पत्र (थोडं छाटून):

"ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. पुण्यात एमए इंग्लिश केलं, नाशिकला कॉलेजात शिकवलं, इथे आल्यावर व्हिसामुळे बरीच वर्षं घरीच होते. आता वर्क परमिट आल्यावर एका कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅडजंक्ट (म्हणजे कायम नसलेली शिक्षिका) म्हणून डेव्हलपमेंटल रायटिंगचा, म्हणजे लिखाणात कच्च्या असलेल्यांचा, वर्ग मिळालाय. वर्गात अठरापासून पन्नाशीपर्यंत सगळे आहेत, कुणी रात्रपाळी करून येतं, कुणाला नर्सिंगला जायचंय, बऱ्याच जणांच्या घरी स्पॅनिश, काहींच्या घरी हैतियन क्रिओल. माझी डोकेदुखी म्हणजे सेंटेन्स फ्रॅगमेंट, फुलस्टॉप देऊन सोडलेली अर्धवट वाक्यं. सब्जेक्ट, व्हर्ब, कम्प्लीट थॉट सगळं शिकवून झालं. वर्कशीट दिली की दहापैकी नऊ बरोबर आणि त्याच मुलांचा निबंध आला की ओळीओळीला फ्रॅगमेंट. मी रात्री एक-एक वाजेपर्यंत लाल करत बसते. आमचे डिपार्टमेंट चेअर म्हणतात ग्रामर शिकवूच नका, रिसर्च सांगतो त्याने काही होत नाही. एक मुलगा म्हणतो कादंबऱ्यांमधे तर फ्रॅगमेंटच असतात, मग मलाच का बोलता. आणि एक बाई आहेत, त्या इतक्या घाबरल्यात की पाच शब्दांपुढे वाक्यच लिहीत नाहीत. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, पण काय करू ते सांगा."

अगं, आधी एक लक्षात घे, तुझ्या मुलांना फ्रॅगमेंट ओळखता येतो हे वर्कशीटने दाखवूनच दिलंय, तर ओळखायला शिकवण्यात आता आणखी तास घालवू नकोस. वर्कशीटवर तो तुकडा एकटा उभा असतो, नंबर लावून, आणि वर छापलेलंच असतं की यातले फ्रॅगमेंट शोधा, मग कुणीही शोधेल. निबंधात तोच तुकडा मागच्या वाक्याला टेकून बसलेला असतो, अर्धा अर्थ तिथून उधार घेतो आणि उरलेला अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात आधीच वाजत असतो, मग त्याला ते तुटलेलं वाटणार कसं? त्याच्या दृष्टीने सगळं नीट सांगून झालंय.

हा परिच्छेद बघ. मी बनवलाय, पण तुझ्या गठ्ठ्यात असे ढिगाने निघतील:

'आय वर्क नाइट्स अ‍ॅट अ वेअरहाउस. विच इज व्हाय आय मिस्ड द फर्स्ट क्लास. माय मॅनेजर सेड ही वुड चेंज माय शिफ्ट. बिकॉज आय टोल्ड हिम अबाउट कॉलेज. बट ही नेव्हर डिड. ऑल्वेज मेकिंग एक्सक्यूजेस. लाइक द बिझी सीझन अँड पीपल कॉलिंग आउट.'

यात तुकडे चार. विचवाला, बिकॉजवाला, मेकिंगवाला आणि शेवटचा लाइकवाला. 'बट ही नेव्हर डिड' हे पूर्ण वाक्य आहे, त्याला हात लावू नकोस, बटने सुरुवात केली म्हणून लाल करणारे शिक्षक मी भरपूर पाहिलेत आणि मुलं मग जन्मभर बटला घाबरतात. तर हे चारही तुकडे पुढच्या वाक्याशी बोलत नाहीयेत, सगळे मागे बघतायत. पहिला फुलस्टॉप काढून तिथे कॉमा टाकला की झालं, 'आय वर्क नाइट्स अ‍ॅट अ वेअरहाउस, विच इज व्हाय आय मिस्ड द फर्स्ट क्लास.' बिकॉजच्या आधी तर कॉमाचीही गरज नाही, नुसता फुलस्टॉप उडवायचा. म्हणजे या मुलाकडे वाक्य आहे, चांगलं लांब आणि कारण-बिरण जोडलेलं, फक्त फुलस्टॉप मधेच पडलाय.

पर्ड्यू युनिव्हर्सिटीची ऑनलाइन रायटिंग लॅब तू नक्की वापरत असशील, सगळेच वापरतात. तिथली मूळची रायटिंग लॅब सुरू करणाऱ्या म्युरिएल हॅरिस यांनी हेच १९८१ मधे लिहून ठेवलंय की विद्यार्थ्यांचे बरेचसे फ्रॅगमेंट हे मागच्या वाक्याचे सुटलेले मॉडिफायर, म्हणजे त्याच्या अर्थात भर घालणारे भाग, असतात. मला विचारशील तर या सगळ्या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेव. कारण मग तुझं शिकवणं उलटं फिरतं. 'यात काय कमी आहे ते शोध' असं म्हणण्याऐवजी 'हे कुणाचं आहे ते शोध' असं म्हणायला लागतेस आणि मुलांना दुसरा प्रश्न पटकन जमतो. शिवाय हेही कळतं की ज्याच्या निबंधात असे तुकडे जास्त तो मुलगा काहीतरी जास्तीचं सांगायला बघतोय, कारण, उदाहरण, बारकावा. 'आय वर्क नाइट्स. आय मिस्ड क्लास.' लिहिणाऱ्याकडे एकही फ्रॅगमेंट नसतो गं, पण तो लिहायला शिकलाय असं म्हणशील का?

'कम्प्लीट थॉट' ही व्याख्या तर सरळ सोडूनच दे. 'ही डिड इट' यात कसला आलाय पूर्ण विचार, कोण तो, काय केलं, कुणालाच माहीत नाही, पण व्याकरणाने वाक्य पक्कं. उलट 'बिकॉज आय टोल्ड हिम अबाउट कॉलेज' यात त्या मुलाचा विचार अगदी पूर्ण आहे. ज्याला आधीच येतं त्यालाच ती व्याख्या कळते. तुला-मला ती पटते कारण आपण शाळेत क्लॉज अ‍ॅनालिसिस करून मार्क मिळवलेत, प्रिन्सिपल क्लॉज, सबॉर्डिनेट क्लॉज, खाली रेघ मारा, प्रकार लिहा. तुझ्या वर्गातल्या कुणीच ते केलेलं नाही आणि आता सेमिस्टरच्या मधे ते सगळं उभं करायला वेळही नाही.

लांबीचंही तसंच. मुलांना वाटतं छोटं म्हणजे फ्रॅगमेंट. बोर्डावर 'गो!' लिही आणि त्याच्याखाली 'द वुमन हू वर्क्स इन द ऑफिस ऑन द सेकंड फ्लोर अँड हू ऑल्वेज हेल्प्स मी विथ माय फायनान्शियल एड फॉर्म्स.' हे लिही. वरचं पूर्ण, खालचं अर्धवट. आणि हा खालचा प्रकार वेगळा ठेव, कारण याला मागे जोडून भागत नाही, त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगावंच लागतं, व्हर्ब हवंय. असे कमी येतात, पण येतात, आणि वाक्य लांब असल्यामुळे शिक्षकाच्याही नजरेतून निसटतात.

आता तपासायचं कसं. री नोगुची म्हणून एक अभ्यासक होते, त्यांनी १९९१ मधे एक सोपी युक्ती मांडली की ज्या वाक्याबद्दल शंका आहे ते 'दे रिफ्यूज्ड टु बिलीव्ह द आयडिया दॅट' याच्या पुढे ठेवून म्हणून बघायचं. वर्गात मी त्याचं 'आय रिअलाइज्ड दॅट' करायचे, तोंडात बसायला बरं. 'आय रिअलाइज्ड दॅट माय मॅनेजर सेड ही वुड चेंज माय शिफ्ट' बसलं. 'आय रिअलाइज्ड दॅट विच इज व्हाय' म्हटलं की पोरं हसतातच. 'आय रिअलाइज्ड दॅट बिकॉज आय टोल्ड हिम अबाउट कॉलेज' यावर शेजारचा म्हणतो, हं, मग पुढे? ते 'मग पुढे' आलं की तुकडा पकडला गेला, तुला एक शब्द व्याकरणाचा बोलावा लागत नाही. पण यातल्या खाचाखोचा तुला माहीत हव्यात नाहीतर भर वर्गात फसशील. सुरुवातीचा अँड, बट, सो आधी बोटाने झाकायचा आणि मग म्हणायचं. प्रश्न आणि हुकूम, म्हणजे 'क्लोज द डोअर' वगैरे, या टेस्टमधे नापास होतात पण ती वाक्यं पूर्ण असतात, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक, कुणीतरी विचारणारच. आणि सगळ्यात मोठा घोळ स्पॅनिशवाल्यांचा. स्पॅनिशमधे कर्ता गाळला तरी चालतो, म्हणून ते 'इज व्हेरी डिफिकल्ट फॉर मी' लिहितात, आणि ते 'आय रिअलाइज्ड दॅट' पुढे ठेवलं की मस्त पास होतं कारण ते दॅटच कर्ता होऊन बसतं!

त्यांच्यासाठी दुसरी टेस्ट, हीसुद्धा नोगुचींचीच, हो-नाहीचा प्रश्न करून बघायचा. 'माय मॅनेजर वॉज बिझी' चं 'वॉज माय मॅनेजर बिझी?' होतं. 'इज व्हेरी डिफिकल्ट' चा प्रश्न करायला गेलं की 'इज' नंतर कोण हे विचारावंच लागतं, भोक दिसतं. 'ऑल्वेज मेकिंग एक्सक्यूजेस' चा तर प्रश्नच होत नाही, ना वॉज ना कर्ता. पण बिकॉजवाल्या तुकड्याला ही टेस्ट लावू नकोस, मुलं बिकॉज गिळून 'डिड आय टेल हिम अबाउट कॉलेज?' करतात आणि खूश होतात. म्हणजे बिकॉज, व्हेन, इफ, विच यांना पहिली टेस्ट आणि आयएनजीवाल्यांना, कर्ता गायब असलेल्यांना दुसरी. दोन्ही एकाच दिवशी शिकवू नकोस, मधे एक आठवडा जाऊ दे.

टेस्ट हातात आली तरी निबंधात वापरली जात नाही हा तुझा मूळ प्रश्न उरतोच, कारण वाचताना मुलं सरळ वाहत जातात. त्याला माझा उपाय म्हणजे उलटं वाचन. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, मोठ्याने. असं केलं की मागच्या वाक्याकडून मिळणारी उधारी बंद होते आणि तुकडा वर्कशीटवर असतो तसा एकटा उभा राहतो. 'लाइक द बिझी सीझन अँड पीपल कॉलिंग आउट' यानेच जर वाचायला सुरुवात केली तर काय लाइक, कशासारखं, लगेच अडतं. रायटिंग सेंटरवाले हे वर्षानुवर्षं करून घेतात. फार कंटाळवाणं आहे, एक पानाच्या वर करून घेऊ नकोस, आणि फक्त शेवटच्या ड्राफ्टला. पहिल्या ड्राफ्टला फ्रॅगमेंटचं नावही काढायचं नाही, तेव्हा त्यांना काय सांगायचंय तेच अजून सापडलेलं नसतं.

सरळ वाचनाचा उपयोग वेगळा आहे. मुलाला शेजारी बसव, त्याचाच निबंध त्याला मोठ्याने वाचू दे, आणि तू कागदाकडे बघत आवाज ऐक. डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८० मधे दाखवलं होतं की विद्यार्थी मोठ्याने वाचताना स्वतःच्या चुका आपसूक दुरुस्त करून वाचतात आणि त्यांना ते कळतसुद्धा नाही. फ्रॅगमेंटचं अगदी तसंच होतं. 'माय मॅनेजर सेड ही वुड चेंज माय शिफ्ट' इथे फुलस्टॉप आहे पण आवाज खाली येत नाही, श्वास न घेता तो बिकॉजवर जातो. तिथे हात वर कर आणि विचार, तू इथे थांबला नाहीस, मग कागद का थांबलाय? हे एवढं एक वाक्य दहा वर्कशीटचं काम करतं असं माझं ठाम मत आहे, आणि एका मुलामागे चार-पाच मिनिटांच्या वर लागत नाही. उलटही होतं म्हणा, काहींचा आवाज खरंच तिथे खाली येतो, कारण ते बोलताना तसेच थांबतात, आपणही नाही का 'उशीर झाला. कारण बस चुकली.' असं मधे श्वास घेऊन म्हणत. अशांना कान उपयोगाचा नाही, टेस्टवरच ठेव.

जोडायचं शिकवणं हा खरा अभ्यास, आणि तिथे वेळ घाल. दोन-तीन छोटी वाक्यं द्यायची आणि एक करून आणायला सांगायचं, सेंटेन्स कम्बाइनिंग म्हणतात ते. पण पुस्तकातली नको, त्यांच्याच निबंधातली घे, नाव काढून बोर्डावर टाक. तो मॅनेजरवाला परिच्छेद टाकलास तर एक जण म्हणेल 'बट ही नेव्हर डिड, ऑल्वेज मेकिंग एक्सक्यूजेस लाइक द बिझी सीझन', दुसरी म्हणेल ते कानाला विचित्र लागतंय, त्यापेक्षा 'ही वॉज ऑल्वेज मेकिंग एक्सक्यूजेस' करू. दोन्ही बरोबर. मग वर्गाला भांडू दे कुठलं बरं वाटतं यावर, या भांडणात ते जे शिकतात ते तू सांगून येणार नाही. तिसरा कुणीतरी बिकॉज उचलून पुढे नेईल, 'बिकॉज आय टोल्ड हिम अबाउट कॉलेज, माय मॅनेजर सेड ही वुड चेंज माय शिफ्ट', आणि चौथा ओरडेल की बिकॉजने वाक्य सुरू करायचं नसतं, आमच्या टीचरने सांगितलंय. त्या टीचरने तिसरीतल्या मुलांना फ्रॅगमेंट टाळायला सांगितलेला तो शॉर्टकट होता, मोठ्या माणसांसाठी तो नियमच नाही, तसं सांगून मोकळी हो.

आता तुझे चेअर. ते अर्धे बरोबर आहेत आणि अर्ध्याचं काय करायचं ते तुला कळलं पाहिजे, कारण वाद घालून अ‍ॅडजंक्टला काही मिळत नाही. १९६३ मधे ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांचा एक रिपोर्ट आला, त्यात म्हटलं होतं की औपचारिक व्याकरण शिकवून लिखाण सुधारत नाही, उलट लिहिण्याच्या सरावाचा वेळ खाऊन नुकसानच होऊ शकतं. तेव्हापासून इथे ग्रामर हा शब्द स्टाफरूममधे दबक्या आवाजात बोलतात. २००७ मधे ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, तर सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम उणे ०.३२ निघाला आणि सेंटेन्स कम्बाइनिंगचा अधिक ०.५० (उणे म्हणजे लिखाण बिघडलं, अधिक म्हणजे सुधारलं). शाळेतल्या मुलांचा अभ्यास आहे, कॉलेजचा नाही, पण कुठल्या बाजूला जायचं ते स्पष्ट आहे. तर चेअरना जाऊन सांग की मी ग्रामर शिकवत नाहीये, सेंटेन्स कम्बाइनिंग करतेय, त्यांना आनंद होईल आणि ते खरंही असेल. त्यांच्यावर वरून प्रेशर असतं हेही समजून घे. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ मधे नेहमीच्या रायटिंग कोर्सबरोबरच जादा तास जोडायचं मॉडेल आणलं, कॅलिफोर्नियाने २०१७ मधे मुलांना शक्यतो थेट कॉलेजच्या नेहमीच्या कोर्सला बसवायचा कायदाच केला, आणि आता कच्च्या मुलांसाठी वेगळा रेमेडियल वर्ग भरवणं म्हणजे मुलांचे पैसे आणि सेमिस्टर वाया घालवणं असं सगळीकडेच म्हणतात. मला त्यातलं बरंचसं पटतं. अशा हवेत वर्कशीटचे गठ्ठे वाटणारी बाई कुणालाच नको असते.

रात्री एकपर्यंत लाल करणं आजपासून बंद कर बघू. रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मधे एक पद्धत लिहिली, ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर मार्जिनमधे नुसती एक टिकची खूण, म्हणजे टिकली, द्यायची, काय चूक ते लिहायचं नाही, दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. विद्यार्थ्यांनी त्यातल्या साधारण साठ टक्के चुका स्वतःच शोधून सुधारल्या. म्हणजे तुझ्या लाल शाईतली निम्म्याहून जास्त शाई ज्यांना येतंच होतं त्यांच्यावर खर्च होतेय. टिकल्या मारून पेपर परत दे, वर्गातली पंधरा मिनिटं दुरुस्तीला दे, आणि त्या चुका सुधारल्याशिवाय ग्रेड सांगू नकोस. ज्या टिकल्या उरतील तेवढ्याच तुझ्या शिकवण्याच्या.

उरलेल्यांमधे मात्र बघ की सगळ्यांचं कारण एक नसतं. एकाचे सगळे तुकडे विचचे असतात, दुसरीचे सगळे 'फॉर एक्झाम्पल' आणि 'सच अ‍ॅज' चे, आणि हे एकदा त्या माणसाला दाखवलं की तो स्वतःच फाइंड करून शोधतो, वर्डमधे विच टाइप करायचं, प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं. हैतियन क्रिओलवाल्यांचं वेगळं. त्या भाषेत 'ती आजारी' एवढं म्हटलं की झालं, मधे 'इज' सारखं काही लागत नाही, आपल्याकडे 'तो माझा भाऊ' मधे काय क्रियापद असतं? तेव्हा 'माय मदर सिक' वर तू फ्रॅग लिहिलंस तर त्याला वाटणार मी वाक्य तोडलं, आणि तो ते मागच्या वाक्याला जोडून आणखी घोळ करणार. काही आफ्रिकन अमेरिकन मुलांच्या घरच्या इंग्लिशमधेही ते 'इज' गळतं आणि तिथे ते नियमानेच गळतं. त्यांच्याशी घरचं इंग्लिश आणि कॉलेजचं इंग्लिश असं उघड बोल, फ्रॅगमेंटच्या खात्यात टाकू नकोस. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मधे शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना दार उघडलं तेव्हा मिना शॉनसी यांनी अशाच हजारो पेपरांवरून हे दाखवून दिलं होतं की या चुकांना प्रत्येकाचं स्वतःचं लॉजिक असतं. ते लॉजिक शोधायला लागलीस की लाल पेनाचा हात आपोआप थांबतो.

वर्ड आणि ग्रामर्ली अशा चुका दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते. वर्ड रेघ मारून म्हणतो की हा फ्रॅगमेंट आहे, आणि मुलं काय करतात माहितेय? अख्खं वाक्य डिलीट करतात. रेघ गेली, चूक गेली! निबंधातली सगळ्यात चांगली डिटेल अशी कचऱ्यात जाते. वापरू नका असं म्हणून उपयोग नाही, वापरणारच, पण रेघ दिसली की आधी मागच्या वाक्याला लावून बघायचं आणि मगच दुसरं काय ते, एवढी सवय लाव.

कादंबरीवाला मुलगा मला आवडला. तो बरोबरच बोलतोय, कादंबऱ्यांत, जाहिरातींत, पेपरातल्या कॉलम्समधे फ्रॅगमेंट भरपूर असतात आणि मुद्दाम असतात. त्याला सांग, प्रत्येक निबंधात एक तुकडा ठेवायची परवानगी, पण मार्जिनमधे पेन्सिलने लिहायचं की हा मी जाणूनबुजून ठेवलाय आणि का. जमलं तर कौतुक कर. कारण नसेल सांगता येत तर जोडायचा. आणि हेही सांग की वाचणारा कोण यावर सगळं असतं. मॅक्सिन हेअरस्टन यांनी १९८१ मधे इंग्लिशच्या प्राध्यापकांना सोडून बाकीच्या धंद्यातल्या लोकांना कुठल्या चुका खटकतात ते विचारलं होतं, त्यात फ्रॅगमेंट फार गंभीर मानलेल्यांमधे होता. गंमत म्हणजे कॉनर्स आणि लन्सफर्ड यांनी १९८८ मधे कॉलेजच्या निबंधांतल्या चुका मोजल्या तर वारंवारतेत फ्रॅगमेंट पार बाराव्या नंबरवर, कॉमाच्या चुका वरती. म्हणजे होतो त्यामानाने कमी पण खटकतो फार. नर्सिंगच्या अ‍ॅप्लिकेशनवर किंवा बॉसला केलेल्या ईमेलमधे तो एक तुकडा बाकीचं सगळं झाकून टाकतो, हे त्याला अन्यायकारक वाटेल, आहेच, पण माहीत असू दे.

आता त्या घाबरलेल्या बाई. त्यांना फ्रॅगमेंट हा शब्द महिनाभर ऐकवू नकोस. त्यांच्या पाच शब्दांच्या वाक्यांतलं एक घे, 'आय क्लीन ऑफिसेस अ‍ॅट नाइट' असं काहीतरी असेल, आणि तोंडी विचार, का, कधीपासून, कुणाबरोबर. त्या जे बोलतील ते त्यांच्यासमोर तसंच्या तसं लिहून काढ, त्या वाक्याच्या शेपटीला जोडत जा, 'बिकॉज', 'व्हेन', 'विथ', आणि मग कागद त्यांच्याकडे सरकव. पुढच्या वाक्याला पेन त्यांच्या हातात. ग्रेड नाही, टिकल्याही नाहीत. दोन-तीन आठवड्यांत त्या लांब लिहायला लागतील आणि तेव्हा नक्की तुकडेही पडतील, तर दचकू नकोस, ते तुकडे पडायलाच हवेत. वर्गातल्या बाकीच्यांचंही असंच होणार आहे, जोडायला शिकले की सगळंच जोडत सुटतात, कॉमा टाकून पाच-पाच वाक्यं एका दमात, माझ्या या पत्रासारखी. तेव्हा घाईघाईने 'रन-ऑन' म्हणून झोडपू नकोस. बऱ्याच जणांचे फुलस्टॉप मुळात मधे पडायला लागतात ते आधीच्या कुठल्यातरी शिक्षकाने रन-ऑनवरून झोडपल्यामुळेच, सेफ म्हणून दर सात-आठ शब्दांनी एक टाकून द्यायचा. आठवडाभर लांब वाक्यं येऊ देत, मग त्यातलीच दोन बोर्डावर घे आणि कुठे थांबायचं ते वर्गालाच ठरवायला सांग.